तराफ्यावरच्या तीन काठ्या

मामा मासे धरायला निघायचे ते लग्नाला निघाल्यासारखे. धुतलेला पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेल्या गुंड्या, डोक्यावर टोपी. धोतर तेवढं गुडघ्यांच्या वर खोचलेलं. बाकीचे सभासद उघड्या अंगानं नाहीतर फाटक्या बनियनवर पाण्यात उतरायचे आणि मामांना हसायचे. एकदा मीही विचारलं, तर म्हणाले, "आप्पा, खाली माझं गाव हाय. गावात जाताना मानूस उघडा जातो का?"

ते खरंच होतं. माजलगावचं धरण भरलं तेव्हा त्यांचं गाव पाण्याखाली गेलं आणि लोक वर माळावर येऊन राहिले. मामांनी मात्र गाव सोडलं असं म्हणता येणार नाही. ते रोज तिथं जात, फक्त वरून. कुठल्या पाण्याखाली कुणाची भिंत, कुठं विहीर, कुठं बाभळीची रांग, सगळं त्यांना पाठ. संध्याकाळी मासळी मोजायला ते संस्थेच्या खोलीवर आले की मी विचारायचो, "आज कुठं?"

"आज शाळंत गेलतो. चौथीच्या वर्गात दोन मरळ बसल्याल्या."

"आणि काल?"

"गिरणीत. तिथं वाम लई. पीठ सांडायचं ना पूर्वी."

स्वतःच्या घरावर मात्र त्यांनी कधी गळ टाकला नाही. तिथून जाताना ते काठ्या आडव्या ठेवत. "आपल्याच घरात चोरी करायची का?" म्हणत.

मी त्या मच्छीमार संस्थेचा सचिव होतो. आमचं घर तेलगावचं, किराणा दुकानदाराचं. गळ्यात लिंग असलेल्यांचं. घरात अंडंसुद्धा येत नसे. बी.कॉम. होऊन दोन वर्षं बसल्यावर ही जागा मिळाली, ती मी घेतली. घरी सांगितलं, सोसायटीत लागलो. कसली सोसायटी हे वर्षभर सांगितलं नाही. न सांगणं ही माझी जुनी खोड आहे, आणि आज मी जे लिहितो आहे ते त्या खोडीबद्दलच आहे. पण आधी मामा.

आमच्याकडे होड्या नव्हत्या. थर्माकोलचे जाड तुकडे खताच्या पोत्यात शिवायचे, त्यावर एका माणसानं बसायचं, पाय दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडायचे आणि हातातल्या दोन फळकुटांनी वल्हवायचं. त्याला तराफा म्हणत. दोन हात रुंद, माणसाएवढा लांब. त्यावर काय न्यायचं आणि काय नाही, यावर मामांचा आयुष्यभराचा विचार झालेला होता. त्यांच्या मते तीन काठ्या. दोन घेणारा आळशी, चार घेणारा हावरा. "चौथी काठी घेतली की मानूस मासं धरत न्हाई, काठ्या धरीत बसतो."

त्या तिघींना ते थोरली, मधली आणि धाकली म्हणत, घरातल्या सुनांना म्हणावं तसं. थोरली आखूड, भरीव वेळूची, हाताच्या मनगटासारखी. भिंतीच्या सांदीतून मरळ उपसायची तर तिला विचार करायला वेळ द्यायचा नसतो. ते काम थोरलीचं. धाकली बारीक, शेंड्याला लवलवणारी, चिलापीसारख्या छोट्या माशांसाठी. आणि मधली सगळ्यांसाठी. "थोरलीनं नि धाकलीनं दोन दोन कामं केली पायजेत. मधलीनं तिघींची. एकच काम करनारी काठी मला नको. घरात एकच काम करनारा मानूस आपन पोसतो का?" असं म्हणून ते माझ्याकडे आणि माझ्या टेबलाकडे बघायचे.

काठी निवडायची त्यांची रीत मी माजलगावच्या बाजारात पाहिली. मी संस्थेसाठी वह्या घ्यायला गेलो होतो, ते वेळू बघायला. विक्रेत्याचा अख्खा ढीग त्यांनी उलथापालथा केला. मग एक वेळू उचलला, त्याचं बूड दातात धरलं आणि मला खुणेनं शेंड्यावर नखानं टिचकी मारायला सांगितली. मी मारली. त्यांनी मान हलवली, नाही. दुसरा. पुन्हा टिचकी. नाही. विक्रेता वैतागला.

"मामा, काठी घ्यायची हाय का दात घासायचेत?"

मामांनी वेळू तोंडातून काढला. "मासा गळाला तोंड लावून बघतो तवा तुला कळतं का बे?"

"न्हाई."

"मला दातात कळतं. आता गप बस."

अकराव्या का बाराव्या वेळूला त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मग शेंड्याला पाण्यानं भरलेला तांब्या बांधून त्यांनी काठी उचलली आणि ती कुठून वाकते ते पाहिलं. त्याचं त्यांचं एक गणित होतं. "टोकातून वाकली तर चिलापीची. कमरंतून वाकली तर समद्यांची. बुडातून वाकली तर चुलीची." ही कमरेतून वाकली. मामांनी भर बाजारात जमिनीवर फतकल मारली, तराफ्यावर बसल्यासारखे पाय पसरले, काठी उभी केली आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, शेंड्यापासून खाली सोडली. ती बरोबर त्यांच्या छातीशी आली.

"मासा असा हातात आला पायजे," ते म्हणाले. "लांब काठीनं मासा डोक्यावरून मागं जातो. मग मागं वळा, की तुमी पान्यात."

लोक गोळा होऊन हसत होते. मी त्यांच्याबरोबर आलेला आहे हे कुणाला कळू नये म्हणून चार पावलं दूर उभा राहिलो. तेही आज सांगून टाकतो.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. कालवा बंद, ऊस वाळलेला. धरण मृतसाठ्याच्या खाली गेलं आणि मामांच्या गावाची वरची आळी उघडी पडली. खालची आळी, शाळा, गिरणी अजून पाण्यात होती, आणि धरणात उरलेला मासा तिथंच भिंतीआड येऊन बसला होता. जाळी टाकली की फाटत. कोपरे, बाभळीचे बुंधे, जात्यांचे दगड. महिनाभरात आमच्या सभासदांच्या जाळ्यांच्या चिंध्या झाल्या. घरं तीस. मासळी गेली तर तराफे मोडून गाव सोडण्यावाचून दुसरं काही नव्हतं. दोघांनी सामान बांधून ठेवलेलं होतं.

तेव्हा गळाच्या काठ्यांसाठी एक सरकारी योजना आली. पुरवठादाराचा माणूस नमुन्याचा एक संच घेऊन संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत सभेला आला. सात काठ्या. चकचकीत, रंगीत, चक्री लावलेल्या, प्रत्येकीचं काम वेगळं. लोकांचे डोळे दिपले. माझेही दिपले.

मामा उठले आणि खोलीच्या मधोमध पाय पसरून बसले. एकेक काठी घेतली. पहिली तोंडात घातली तशी तो माणूस ओरडला, "अहो, अहो! ती बॉडी आहे तिची!"

"माझीबी बॉडीच हाय," मामा म्हणाले आणि माझ्याकडे बघून काठीनंच खूण केली. मी टिचकी मारली.

अर्ध्या तासानं त्यांनी दोन काठ्या बाजूला ठेवल्या. "ह्या दोन चांगल्या हायत. लई चांगल्या. पन बुडं लांब हायत, कापावी लागतील. तिसरी वेळूची मी करून देतो. बाकीच्या पाच वापस न्या."

"तसं जमत नाही," तो माणूस म्हणाला. "संच आहे. घ्यायचा तर पूर्ण."

"मग नको."

खोलीत गलका झाला. फुकट येणाऱ्या सात काठ्या मामा नको म्हणत होते. आमचे चेअरमन समजूत घालायला लागले. मामा शांतपणे म्हणाले, "शाळंच्या दारातून आत जायला पाच हात जागा हाय. ही काठी आठ हात. सात काठ्या बांधून तराफा तिथं वळनार न्हाई. कोनतरी बुडंल. माझा विरोध हाय. लिहा, आप्पा."

"लिहितो," मी म्हणालो.

आमच्याकडे सभेच्या सुरुवातीलाच हजेरीवर सह्या होत आणि ठराव मागाहून, लोक गेल्यावर लिहिला जाई. बहुतेक संस्थांत तसंच चालतं. त्या दिवशी लोक गेले, चेअरमन थांबले.

"आप्पा, विरोध दिसला तर वरचं ऑफिस प्रस्ताव वापस पाठवील. मुदत परवा संपती. सर्वानुमते लिहा."

"मामा?"

"अनुमोदक म्हणून मामाचंच नाव टाका. साऱ्या धरणावर त्यांचं नाव हाय. सायबलोक विचारनार न्हाईत." दारात जाऊन ते वळले. "आन तुमच्या नोकरीचीबी मुदतवाढ पुढच्या म्हैन्यातच हाय ना?"

धमकी नव्हती, आठवण होती. मी लिहिलं. 'ठराव सर्वानुमते मंजूर. अनुमोदक' आणि पुढं मामांचं पूर्ण नाव, सभासद क्रमांकासह, माझ्या चांगल्या अक्षरात. योजना बुडाली असती, तीस घरांचं नुकसान झालं असतं, वगैरे कारणं मी नंतर जमवली. लिहिताना माझ्या डोक्यात फक्त माझी नोकरी होती.

काठ्या आल्या. दोन आठवडे लोक खुशीत होते. मामा आपल्या तीनच काठ्या घेऊन जात.

मग गयाबाईंचं झालं. गयाबाई नवरा वारल्यावर स्वतःच्या नावावर सभासद झालेल्या, आमच्यातली एकटी बाई. पाण्यावर पुरुषांना मागं टाकतील अशा. त्या दिवशी सातही काठ्या तराफ्याला बांधून त्या गिरणीकडं गेल्या होत्या. सगळ्यांत लांब काठीला मोठी मरळ लागली. मरळीनं तराफा भिंतीत ओढला. काठी बाभळीत अडकली, तिची दोरी बाकीच्या सहा काठ्यांत गुंतली आणि तराफा उलटला. तंगूस गयाबाईंच्या पायाला वेढा घालून खाली ओढत होती.

मामा शाळेच्या बाजूला होते. टोपी उडाली, सदरा भिजला, ते तराफ्यावर पालथे पडून हातांनी पाणी मारत आले आणि थोरली पुढं केली. त्या एवढ्याशा काठीला लटकून गयाबाई बाहेर आल्या. दंड भिंतीला घासून सोलला होता. भरीव वेळूला मात्र चीरही गेली नव्हती.

तासाभरात सगळे सभासद ओल्या कपड्यांनी खोलीवर आले. गयाबाईंच्या दंडाला लुगड्याची पट्टी बांधलेली.

"ह्या काठ्या पास कुनी केल्या?" त्यांनी विचारलं. "जीव गेला असता माझा. कुनी केल्या?"

"सगळ्यांनीच की," चेअरमन म्हणाले. "आन अनुमोदन मामाचं हाय. पुस्तकात हाय. वाचा, आप्पा."

कुणीतरी मागून म्हणालं, "मामा तर नको म्हनत व्हते." दुसरा म्हणाला, "तोंडानं नको, आन लिहून दिलं व्हय?" आणि मग सगळे मामांवर उलटले. काठ्यांतलं कळणारा हाच एक माणूस. त्यानंच अनुमोदन दिलं म्हणून ऑफिसानं पाठवल्या. पुरवठादारानं त्याला काय दिलं असेल? इथपर्यंत बोलणं गेलं.

मामा भिंतीला टेकून उभे होते. "वाचा, आप्पा," तेही म्हणाले.

मी वाचलं.

"माझं नाव हाय का तिथं?"

"आहे."

"नीट बघा."

मी नीट बघितलं. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. "आहे, मामा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तांब्या बांधलेल्या काठीकडे पाहावं तसं. मी कुठून वाकतो ते त्यांना दिसलं. मग त्यांनी डोक्यावर हात नेला, टोपी नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते सगळ्यांकडे वळले.

"नाव हाय तर निस्तरावं लागंल," ते म्हणाले. "उद्या सकाळी सगळ्यांनी साती काठ्या घिऊन माझ्या दारात या."

पुढचे आठ-दहा दिवस मामांच्या दारात जे चाललं, ते बघायला शेजारच्या संस्थांचे लोक यायचे. मामांनी अंगणात बाज टाकली होती. ती म्हणजे तराफा. एकेका सभासदाला तिच्यावर पाय सोडून बसवायचे, हात पसरायला लावायचे, सुतळीनं माप घ्यायचे. मग त्याच्या सात काठ्यांतल्या त्या दोन चांगल्या निवडून बुडं कापायचे. उरलेल्या एखाद्या काठीचा शेंडा वेळूच्या बुडात खोचून, दोऱ्यानं आवळून, वर लाख लावून तिसरी करायचे. चक्र्या काढून पोत्यात. कुणी म्हणालं, "मामा, माझी जरा लांब राहू द्या," तर म्हणायचे, "हात लांब करून आन, मग करतो."

गयाबाई डावखुऱ्या. त्यांची थोरली घडवायला मामांना दोन दिवस लागले, कारण वेळूचं पेर डाव्या तळव्यात बसेना. "राहू द्या मामा, मी धरीन कशीबी," गयाबाई संकोचून म्हणाल्या. कारण त्या दिवशी मामांना सगळ्यांत जास्त त्याच बोलल्या होत्या.

"कशीबी कावून? तुमी कशाबी हाय का?" मामा म्हणाले आणि पुन्हा तासायला बसले.

मी रोज जात होतो. दोरा धरायला, लाख वितळवायला. मामांनी मला कामं सांगितली, चहा दिला, टिचक्या मारायला लावल्या. ठरावाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी सुटलो असतो. ते त्यांनाही कळत असणार.

तीस घरांच्या नव्वद काठ्या झाल्या. त्यातली एकही दुसऱ्याच्या हाताला बसणारी नव्हती, आणि प्रत्येक काठी दोन-तीन कामं करणारी. त्या उन्हाळ्यात गिरणीतून, शाळेतून, चावडीतून आमच्या लोकांनी जी मरळ काढली ती बघायला मोंढ्यातले व्यापारी बांधावर येऊन थांबत. सामान बांधलेल्या त्या दोघांनी गाठोडी सोडली. एकही तराफा मोडला नाही, एकही घर गाव सोडून गेलं नाही. जाळ्यांवर विसंबून बसलेल्या मोठमोठ्या संस्था त्या वर्षी बंद पडल्या. आमची चालू होती. मासळी न खाणारा मी हे आजही छाती काढून सांगतो. कुणी मला विचारलं की तुम्ही आयुष्यात काय केलं, तर मी म्हणतो, ज्या संस्थेत ते मामा होते तिचा मी सचिव होतो.

पाऊस झाल्यावर वार्षिक सभा आली. सभेचा पहिला विषय कायम ठरलेला असतो, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचत वाचत त्या ठरावापाशी आलो. 'सर्वानुमते. अनुमोदक.' नावही वाचलं. पद्धतीप्रमाणं विचारलं, "कुणाची हरकत?"

मामा पुढंच बसले होते, नव्या टोपीत. त्यांनी हात वर केला. आता सगळं बाहेर येणार असं वाटलं, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं.

"कायम करा," मामा म्हणाले. "त्या काठ्या आता माझ्याच हायत."

टाळ्या पडल्या. लोकांना त्यात त्यांचा मोठेपणा दिसला. पुरवठादाराचं खाऊन नंतर पस्तावलेला माणूस, असं मात्र दोन-चार जण शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि ते माझ्या कानावर येत राहिलं. मी त्यावर काही बोललो नाही. मुदतवाढ मिळाली, मग कायम झालो, मग दोन मुलींची लग्नं केली. मामा बाजेवर, सदऱ्याच्या गुंड्या लावलेल्या स्थितीत गेले. त्यांना खांदा देतानासुद्धा मी काही बोललो नाही.

गेल्या वर्षी माझी शेवटची वार्षिक सभा होती. आता चेअरमन गयाबाई. जुने चेअरमन कधीच निघून गेले होते. विषय संपल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "ऐन वेळचा एक विषय आहे." आणि सांगितलं. विरोध कसा झाला, मी 'लिहितो' कसं म्हणालो, काय लिहिलं, कशासाठी लिहिलं. सगळं. बोलायला पाच मिनिटं लागली. इतकी वर्षं ती पाच मिनिटं मला मिळाली नव्हती.

गयाबाईंनी पदर दंडावर ओढून घेतला.

"आन म्या त्या मानसाला काय काय बोलले त्या दिशी," त्या म्हणाल्या. "तुमी तितंच बसल्याले व्हतात आप्पा. समोर. मग बोलला कावून न्हाईत?"

"भ्यालो."

"त्या चेअरमनला?"

"आधी त्याला. मग तुम्हा सगळ्यांना."

"आन मामाला?"

"नाही. त्यांना भ्यालो असतो तर खरं लिहिलं असतं."

गयाबाईंनी सभेला विचारलं, जुना ठराव दुरुस्त करायचा का, मामांचा विरोध होता अशी नोंद करायची का. हात वर गेले. सगळ्यांचे गेले असं मला वाटलं आणि मी 'सर्वानुमते' लिहायला सुरुवात केली.

"थांबा," मागून आवाज आला. मामांचा मुलगा. माजलगावला मासळीचा टेम्पो चालवतो, सभेत कधी तोंड उघडत नाही. तो उभा राहिला होता आणि त्याचे हात खाली होते.

"माझा विरोध हाय."

"अरं, तुझ्या बापाचंच नाव धुवून निघतंय की," गयाबाई म्हणाल्या.

"माझा बा ह्याच सभंत 'कायम करा' म्हनला व्हता. त्याला समदं म्हाईत असून म्हनला. त्यानं कायम केल्यालं तुमी मोडू नका. आप्पांना हलकं वाटावं म्हनून तर मुळीच न्हाई." तो माझ्याकडे बघत होता. "तुमाला काय करायचं ते करा, बहुमत तुमचंच हाय. पन माझा विरोध लिहा."

सभेत कुजबुज सुरू झाली. कुणी त्याला खाली बसायला सांगत होतं. गयाबाई मला म्हणाल्या, "पोरगा हाय, रागात हाय. सर्वानुमते लिहून टाका."

मी खोडलं, आणि नव्यानं लिहिलं. 'ठराव बहुमताने मंजूर. विरोध एक.' त्याखाली त्याचं पूर्ण नाव, आणि त्याचं कारण, त्याच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. मग पुस्तक घेऊन खोलीच्या मागच्या बाजूला गेलो आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर पुस्तक माझ्या हातातून घेतलं, स्वतः ओळीवर बोट ठेवत वाचलं, आणि मगच खाली सही केली.